एझ्या, खालची ओळ वाच

एझ्या,

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले आणि मी कालपासून अतिशय आनंदात आहे. सकाळी दुकानाचं शटर उघडताना चक्क शीळ घातली. शेजारच्या भांडीवाल्याने चमकून बघितलं. गेले तीन आठवडे त्याने माझं तोंड पाहिलेलं, त्यामुळे त्याला वाटलं असणार, मित्र गेला आणि मागोमाग ह्याचं डोकंही गेलं.

हे कशामुळे झालं ते ज्याला सांगावं असा माणूस या पनवेलमध्ये एकच होता, आणि तो आता फोन उचलत नाही. म्हणून लिहितो. तू मधेमधे तोंड घालणार नाहीस, ही या प्रकारातली एकमेव सोय.

तर, पडदा वर. काल दुपारी मी तुझ्या करंजाड्याच्या घरी गेलो तो गुन्हा कबूल करायला. तुझी नाओमी उद्या इस्राएलला परत जाते आहे, आणि जाताना ती तुझा तिबोटी खंड्याचा फोटो नेणार आहे. मोठा करून, चौकटीत बसवून, खाली तुझं नाव घालून. तिकडच्या घरात दर्शनी भिंतीवर लावणार. "बाबांचा शेवटचा आणि सगळ्यात चांगला फोटो," असं ती ज्याला त्याला सांगते. आणि चार महिने मला एकट्याला ठाऊक होतं, की तो फोटो तू काढलेलाच नाहीस. तो मशीनने काढला, आणि ते कारस्थान माझं होतं.

तू म्हणशील, दिग्या, पहिल्यापासून सांग आणि नाटक करू नकोस. दोन्ही एकदम जमणार नाही.

पहिल्यापासून म्हणजे तुझ्या उजव्या डोळ्यापासून. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर तू दुकानात आलास आणि नेहमीसारखा काउंटरवर टेकून म्हणालास, "माझ्या कॅमेऱ्याच्या बॉडीचा फोकस मागे पडायला लागलाय. पक्ष्याचा डोळा धरतो आणि मागची फांदी शार्प येते. नवीन बॉडी घ्यावी लागणार." मी चष्म्याचा दुकानदार. माझ्याकडे आलेला माणूस बॉडीबद्दल बोलो की बायकोबद्दल, मी आधी त्याच्या डोळ्यांकडे बघतो. तू चहाचा कप ठेवलास तो बशीच्या बाहेर. मी म्हटलं, "आलाच आहेस तर बस खुर्चीवर."

तू चाळीस वर्षं माझ्या दुकानात येत होतास आणि त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसलास.

ते अक्षरांचं जुनं कार्ड माझ्या वडिलांच्या वेळचं. वर ताटाएवढं 'ग', खाली खाली लहान होत जाणाऱ्या ओळी, सगळ्यात खाली मुंग्यांची रांग. डाव्या डोळ्याने तू सगळं वाचलंस. मग डावा झाकला. वरचं अक्षर वाचलंस, दुसरी ओळ अडखळत, तिसरी जवळजवळ नाहीच. मी म्हटलं, "राहू दे." तर तू म्हणालास, "खालची ओळ विचार की," आणि खडाखडा वाचून दाखवलीस. एक अक्षर चुकलं नाही.

फक्त मधल्या वेळात मी कार्ड उलटवलं होतं, एझ्या. तू वाचलीस ती पलीकडच्या बाजूची ओळ. इतकी वर्षं फुकटचा चहा पिता पिता पाठ केली होतीस.

"एझ्या, मधे काय दिसतं?"

तू डाव्यावरचा हात काढलास. मग म्हणालास, "मधे धूर आहे. कडेने सगळं दिसतं. नेमकं जिथे बघावं तिथे धूर."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं तेही तेच: डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, गेलेलं परत येणार नाही, डावा सध्या शाबूत आहे. आणि तू तीस वर्षं कॅमेऱ्याला लावत आलास तो उजवा. मी म्हटलं, डावा लाव. तू म्हणालास, "डाव्याने बघितलं की परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. दिवा कुठे, पाणी कुठे, काही सापडत नाही." खाली उतरताना पायरीवर वळून मला बजावलंस, "रिबेकाला सांगायचं नाही. पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. शपथ घे."

"कशाची?"

"तुला नाट्यस्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाची."

"ते मिळालं कुठे?"

"मग मिळण्याची घे. ती जास्त पक्की."

त्या दिवसापासून आपण दोघांनी बॉडी निवडायला सुरुवात केली. लोक मुलासाठी स्थळ बघतात ते इतकं बघत नाहीत. तुझी बाजू जुन्या कॅमेऱ्याची, ज्याच्या पोटात आरसा असतो आणि त्या आरशातून समोरचं खरंखुरं दिसतं. माझी बाजू नव्याची, बिनआरशाच्या कॅमेऱ्याची, ज्यात डोळ्याला एक चिमुकला पडदा लावलेला असतो. नव्याची आणखी एक खुबी: समोर पाखरू आलं की तो त्याचा डोळा आपणहून शोधतो, त्यावर एक चौकोन ठेवतो आणि सोडत नाही. माणसाला काही करावं लागत नाही.

"म्हणूनच नको," तू म्हणायचास. "आरशात दिसतो तो पक्षी. तुझ्या पडद्यावर दिसते ती पक्ष्याची बातमी. आणि डोळा मशीनने शोधायचा, तर मी तिथे काय करू? छत्री धरू?"

"तुझा आरसा खटाक करतो तेव्हा जासईचा बगळा उरणला जाऊन बसतो."

"बसू दे. उरणच्या लोकांनी पण बघावा."

तुझ्या नोकरीच्या, जासईच्या कंटेनर यार्डात मी जेवणाच्या सुट्टीत किती वेळा आलो, आठवतंय? डबा खायचा, आणि कंटेनरच्या थप्प्यांमागे जे पाणी साचतं तिथे जाऊन शेकाट्या बघायच्या, लांबलचक गुलाबी पायांच्या. तू हेल्मेट घालून, गळ्यात दुर्बीण, हातात सर्व्हेचा बोर्ड. तिथे उभे राहून आपण वजनावर भांडलो, बॅटरीवर भांडलो, अंधारात कुठला कॅमेरा किती दाणेदार फोटो देतो यावर भांडलो. जे भांडायचं होतं ते सोडून सगळ्यावर भांडलो. मला म्हणायचं होतं, एझ्या, हे मशीन तुझ्यासाठी बघेल, घे ना. तुला म्हणायचं होतं, दिग्या, माझ्यासाठी दुसऱ्या कुणी बघायला लागलं की माझं संपलं. ते दोघांनाही ऐकू येत होतं. म्हणून दोघं जरा मोठ्याने बोलायचो.

आणि ती कोंबडी! ती आठवली की मला अजून हसू येतं. तुझा नियम असा, की बॉडी दुकानातल्या काचेखाली निवडायची नाही, चिखलात निवडायची. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या पाड्यावर हिराबायचं घर. तिच्या वाडीमागे ओढा, ओढ्याच्या मातीच्या काठाला तिबोटी खंड्याचं बीळ, आणि समोर तिनेच ताडपत्रीची खोपटी बांधून दिलेली, फोटोवाल्यांना लपून बसायला. पण तो खंड्या येतो पावसाळ्यात. तोवर काय करायचं? तर तू तिची काळी कोंबडी धरलीस. म्हणजे निवडलीस. ग्रुपमधल्यांच्या बॉड्या एकेक दिवस मागून आणायच्या आणि हिराबायच्या गोठ्यातल्या काळ्या कोपऱ्यात काळी कोंबडी उभी करायची. "हिचा डोळा दिसला तर बॉडी पास." तीन बॉड्या, एक कोंबडी, पाच रविवार. शनिवार तुझा शब्बाथच्या सुटीचा, त्या दिवशी तू कॅमेऱ्याला हात लावायचा नाहीस, म्हणून रविवार.

हिराबाय उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची. "माझ्या लग्नात पण एवढे फोटू नाय काढले वं. कोंबडीला काय पासपोट करायचा हाय?"

तू म्हणालास, "बाय, हिला अमेरिकेचं स्थळ आलंय."

"मग अंडी मी कुणाकडं मागू?"

निकाल दर वेळी एकच. कोंबडीचा डोळा धूसर आणि मागची कुडाची भिंत स्वच्छ. तू बॉडीला शिव्या घालायचास. मीही तुझ्याबरोबर बॉडीला शिव्या घालायचो. ही माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम भूमिका होती आणि ती पाहायला एक कोंबडी सोडून प्रेक्षक नव्हता.

शेवटी मी गनिमी कावा केला. बिनआरशाची बॉडी मीच विकत घेतली.

"तू?" तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी लग्न ठरवून आलोय. "मोबाइलवर फोटो काढतोस तेव्हा अर्ध्या फोटोत तुझा अंगठा असतो."

"माणसाला छंद पाहिजे. पण मला हे काही समजत नाही. तुझी मोठी लेन्स लावून आठवडाभर तूच वापर. तुझ्या पद्धतीचं करून ठेवलंय. ते डोळा शोधायचं वगैरे सगळं बंद आहे, सगळं जुन्यासारखं."

साफ खोटं. ते चालू होतं. नुसतं चालू नव्हतं, तर तो चौकोन बघणाऱ्याला दिसू नये अशी सोय मेनूत कुठे असते ते शोधण्यात मी तीन दुपारी घालवल्या होत्या आणि दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या काड्यांचे चष्मे दिले होते. माझा बेत साधा होता: तू बटण दाबशील, मशीन गुपचूप डोळा पकडेल, फोटो लख्ख येईल, आणि तुला वाटेल, एझ्रा अजून आहे.

त्याच आठवड्यात माझं अक्षरांचं कार्ड दुकानातून नाहीसं झालं. मी कपाटं उपसली. शेवटी छापील नवं आणलं आणि विसरलो.

मग तो रविवार. पावसाची भुरभुर, ओढा तांबडा, झाडाखाली दिवसाही संध्याकाळ. तू पुढे खोपटीत गेलास, मी हिराबायच्या चुलीपाशी चहाला थांबलो. ती पाण्याची कळशी घेऊन मागून आली आणि म्हणाली, "तुमचा दोस्त पाखराला शाळा शिकवतो काय?" मी हसलो. तू पाखरांशी बोलतोस हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी पुढे विचारलं नाही. दुसरा कप घेतला.

खोपटीत आलो तर तुझ्या लेन्सला बाजूने काळी चिकटपट्टी. "हे काय?" "पाऊस शिरतो." बरं. मी तुझ्याशेजारी स्टुलावर बसलो आणि चिंतनात मग्न झालो. मी झोपलो नव्हतो, हे मी आजही सांगेन. मग कोपर लागलं.

"मिळाला."

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो होता. अंगठ्याएवढं पाखरू, जांभळं, केशरी, निळं, जसं काही रंगपेटी पावसात सांडलीय. चोचीत सापसुरळीचं पिल्लू. आणि डोळा! काळा, ओला, त्यात खोपटीच्या ताडपत्रीचं निळं टिपूस. तू बराच वेळ बघत बसलास. मग माझ्याकडे वळून म्हणालास, "तुझी बॉडी चांगली आहे."

मी जिंकलो होतो. परतताना महामार्गावर मी गाडीत गाणी म्हटली. आणि पळस्प्याला पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. तीस वर्षं ज्याने एकही फोटो रंगवला नाही, कापला नाही, पिंजऱ्यातल्या पाखराचा काढला नाही, त्याच्या नावावर मी बनावट नाणं खपवलं होतं.

त्यात रिबेकावहिनींचा मलिदा. त्यांनी एलियाहू हन्नाबीला नवस केलेला, 'एझ्राला त्या पाखराचा फोटो मिळू दे.' भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, वर खजूर आणि पाच फळं. तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना म्हटली, ताट फिरलं. मी दर वेळी तीनदा मागून खाणारा. त्या दिवशी एक घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं. नबीला फसवल्याची काय शिक्षा असते, हे कुणाला विचारावं तेही कळेना.

तुला सांगणार होतो. गणपती होऊ देत. मग दसरा होऊ दे. आणि मग एका मंगळवारी दुपारी तू जेवून खुर्चीत बसलास आणि उठला नाहीस. पुढचं मला लिहायचं नाही, तुलाही ऐकायचं नसेल.

तुझ्या घरच्या सात दिवसांत मी रोज येत होतो. तुमच्या रीतीप्रमाणे आरशांवर चादरी टाकलेल्या. चौथ्या दिवशी माझी नजर शोकेसकडे गेली, तर तुझ्या जुन्या कॅमेऱ्यावरही तुझा रुमाल झाकलेला. मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "त्यात पण आरसा असतो ना, भाऊजी? उठताबसता तेच तर सांगायचे." एझ्या, मी बाहेर जिन्यात जाऊन रडलो. आणि रडता रडता मनात म्हटलं, हा वाद तूच जिंकलास असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

आता कालचा प्रवेश.

चौकटीतला फोटो कागदात गुंडाळून दाराशी उभा. नाओमी दोरी बांधत होती. मी म्हटलं, "थांब. बस जरा. वहिनी, तुम्ही पण बसा." आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पहिल्यांदा डोळ्याचं. शपथ मोडली, माफ कर; तशीही बक्षीस मिळण्याची आशा नाही.

वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"गेल्या दिवाळीनंतर."

"मला दिवाळीच्या आधी. चहा कपाच्या शेजारी ओतायचे. मीठ घ्यायला गेले की हात बरणीच्या बाजूला पडायचा. नवस मी काय पाखरासाठी केला होता?"

वर्षभर मी ज्यांच्यापासून जिवापाड लपवलं, त्यांना माझ्या आधी ठाऊक! पण माझी खरी कबुली पुढेच होती. ती सांगितली. कशी बॉडी घेतली, काय चालू ठेवलं, चौकोन कसा लपवला. नाओमीने दोरी खाली ठेवली.

"म्हणजे हा फोटो बाबांचा नाही?"

मुलीने बापाचा शेवटचा फोटो म्हणून जे उराशी धरलं होतं ते मी तिच्या हातातून काढून घेत होतो. पण खोट्याला चौकट घालून समुद्रापार पाठवणं मला जमलं नसतं, एझ्या. मी तुझ्याकडूनच शिकलोय.

"कॅमेरा आण," मी म्हटलं. "मी चौकोन तुझ्या बाबांपासून लपवला, पण काढलेले फोटो मागे जाऊन बघताना माहितीचं बटण दाबलं की तो दिसतो. तूच बघ." कॅमेरा तुझ्याकडेच राहिला होता, 'अजून दोन दिवस' म्हणत म्हणत. मी कधी उघडून बघितला नव्हता. गुन्हेगार सहसा जागेवर परत जातो म्हणतात. मी त्यातलाही नाही.

नाओमीने बॅगेतून काढला, चालू केला, पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. जासईचं पाणी, शेकाट्या. प्रत्येकीच्या डोळ्यावर एक चोख हिरवा चौकोन. "बघ," मी म्हटलं. दहाबारा तसेच. मग एक तुझ्या बुटाचा, बटणं चाचपताना दबलेला.

मग माझं कार्ड.

एझ्या! माझ्या वडिलांचं कार्ड! तिबोटी खंड्या ज्या काठीवर बसतो त्या काठीला, भर ओढ्यावर, चिमट्याने टांगलेलं! वर ताटाएवढं 'ग', खाली ओळी, कोपऱ्यावर पावसाचे थेंब. आणि चौकोन नाही. कुठेच नाही. खाली कोपऱ्यात दोन अक्षरं, मशीन बंद असून फोकस हाताने केलाय हे सांगणारी.

"काका, हे काय आहे?"

मी नुसतं "पुढे, पुढे" असा हात करत होतो. पुढे कार्डाशिवायची रिकामी काठी. पुढे पुन्हा रिकामी काठी. मग पाखरू. पाखरू, पाखरू, आणि मग तो. चौकटीतला. सापसुरळीसकट, डोळ्यातल्या निळ्या टिपसासकट. एकाही फोटोवर चौकोन नाही.

"हा त्यांचाच आहे," मी म्हटलं. मग ओरडलोच, "अगं, हा त्याचाच आहे! हाताने काढलाय!"

बदमाशा, तुला जासईलाच कळलं होतं. लेन्स आपणहून फिरायला लागली की तीस वर्षं ती फिरवणाऱ्याला कळणार नाही, असं मला वाटलं कसं? तू मला काही बोलला नाहीस. माझं कार्ड ढापलंस, पाखरू येण्याआधी काठीवर टांगलंस, अक्षरं स्वच्छ होईपर्यंत हाताने लेन्स फिरवलीस, चिकटपट्टीने ती तिथेच बांधून टाकलीस आणि कार्ड काढून गप्प बसलास. पाखरू त्याच काठीवर बसतं, तेवढ्याच अंतरावर. मग बटण दाबायला डोळा हवा कशाला? बसता यायला हवं. हिराबायने हे सगळं बघितलं होतं आणि मला सांगितलंही होतं. मी चहा पीत होतो.

पण अक्षरं स्वच्छ झाली हे तू कुठल्या डोळ्याने बघितलंस? नाओमीच्या हातातून कॅमेरा घेतला तेव्हा दिसलं. मागच्या पडद्यावर तुझ्या नाकाचा तेलकट ठसा, उजव्या अर्ध्या भागावर. उजवा डोळा लावणाऱ्याचं नाक डावीकडे टेकतं. चष्मेवाल्याला एवढं समजतं. तू त्या परक्या घरात शिरला होतास. दिवा, पाणी सगळं शोधलं होतंस.

वहिनी म्हणाल्या, "रोज सकाळी गॅलरीत उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, घारी मोजतोय."

आणि मग शेवटचा फोटो आला, लेन्स बदलून काढलेला. मी. खोपटीत, स्टुलावर, डोकं मागे, तोंड सताड उघडं. इतका शार्प की दाढेतली चांदी मोजता यावी. वहिनी हसल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. नाओमी हसायला लागली, मी हसायला लागलो, आणि तुझ्या घरात एकवीस दिवसांनी जे ऐकू आलं त्याने खालच्या मजल्यावरचे लोक बहुतेक दचकले असतील. चिंतनाचा मुद्दा मी मागे घेतो.

चार महिने मी गुन्हेगार म्हणून फिरत होतो, एझ्या, आणि तू मला मदतीचं समाधान दिल्याच्या खुशीत होतास. 'तुझी बॉडी चांगली आहे' म्हणालास तेव्हा तुझ्या मिशीत काय होतं ते मी आता ओळखतो. त्या वेळी मला ते आभार वाटले होते. थोडे होतेही, असं मी धरून चालतो. कधीतरी चारचौघांत माझा तो तोंड उघडा फोटो काढून तू सगळं सांगणार होतास, हे नक्की. तेवढं राहून गेलं. मी सांगेन. तुझ्यापेक्षा रंगवून सांगेन.

वाद मात्र मी सोडलेला नाही. त्या झाडाखालच्या अंधारात तुझ्या आरशातून तुला कार्डाचा पांढरा चौकोन दिसला असता, अक्षर नाही. माझ्या पडद्याने उजेड वाढवून, मोठं करून दाखवलं म्हणून डाव्या डोळ्याला ते वाचता आलं. डोळा तुझा, हात तुझा, कार्ड माझं, पडदा माझा. ही बरोबरी समज. तुला मान्य नसणार, पण आता तू येऊन सांग.

नाओमीने चौकटीची दोरी पुन्हा बांधली, दोन गाठी जास्त मारल्या. निघताना वहिनींनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "हा तुमचा. पण अंगठा बाजूला ठेवा." कपड्याने पुसायला गेल्या, मी म्हटलं, राहू दे. तो ठसा आहे तसा आहे.

कार्ड बॅगेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत निघालं. वरच्या कडेला चिमट्याचा गंज, खाली ओढ्याचा तांबडा शिंतोडा. आज सकाळी ते पुन्हा जुन्या खिळ्यावर लावलं. मग गिऱ्हाइकांच्या कागदांचा खण उघडला आणि तुझा काढला. त्यावर गेल्या वर्षीचं माझं अक्षर: उजवा डोळा, खालची ओळ वाचता येत नाही. डाव्यापुढे मी त्या दिवशी नुसती बरोबरची खूण केली होती, घाईत, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं.

कॅमेरा चालू करून तो फोटो लावला. काठीवरचं कार्ड. बोटाने मोठं करत करत खाली गेलो. मुंग्यांची रांग आली, मुंगी न् मुंगी स्वच्छ. एकेक अक्षर भिंतीवरच्या कार्डाशी ताडून पाहिलं, तू पाठ केलेली बाजू नाही ना तेही पाहिलं.

मग डाव्यापुढच्या खुणेशेजारी लिहिलं: पावसात, कमी उजेडात, पाठांतराशिवाय खालची ओळ वाचली. खाली सही केली. तारीख त्या रविवारची घातली.